सीएमपीची गॅरंड की गन शोमधली? जुनी लष्करी रायफल घेताना

माळरान (धागाकर्ता)

नेमबाजीच्या धाग्यावर एम१ गॅरंडचा विषय निघाला आणि त्यानंतर व्यनितून (खासगी निरोपातून) बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. अमेरिकी लष्कराची जुनी रायफल घ्यायची आहे, ती सीएमपीकडून (लष्कराच्या जुन्या रायफली नागरिकांना विकणारी संस्था) घ्यावी की एखाद्या खासगी विक्रेत्याकडून, म्हणजे गन शोसारख्या बंदुकांच्या बाजारातून? प्रत्येकाला तुटक उत्तर देण्यापेक्षा वेगळा धागा काढतोय. मी ओहायोत राहतो. लेक एरीच्या काठावर कॅम्प पेरी आहे, तिथे १९०७ मध्ये पहिल्यांदा राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा भरल्या. या छंदातली माझी बहुतेक ओळखपाळख तिथलीच.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी थोडं. गॅरंड ही दुसऱ्या महायुद्धात आणि कोरियात अमेरिकी पायदळाची मुख्य रायफल. स्प्रिंगफील्ड आर्मरीत जॉन गॅरंड यांनी ती घडवली आणि १९३६ मध्ये लष्कराने स्वीकारली. काडतूस .३०-०६. आठ राउंडची पत्र्याची क्लिप वरून आत दाबायची. आठवा राउंड सुटला की ती क्लिप आपोआप बाहेर उडते. वजन सव्वाचार किलोच्या वर. एकूण ५४ लाखांच्या आसपास बनल्या: युद्धकाळात स्प्रिंगफील्ड आणि विंचेस्टरकडे, पुढे पन्नासच्या दशकात हॅरिंग्टन अँड रिचर्डसनकडे आणि ट्रॅक्टर बनवणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टरकडेही. यातल्या लाखो रायफली नंतर ग्रीस, डेन्मार्क, फिलिपिन्स, तुर्कस्तान अशा मित्रदेशांच्या सैन्यात गेल्या. तिथलं काम संपल्यावर अमेरिकी लष्कराकडे परत आलेल्यांतल्या पुष्कळ आज सीएमपीकडे आहेत.

सीएमपी, म्हणजे सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम, ही योजना आजची नाही. सैन्यात भरती होणाऱ्या पोरांना नीट नेम धरता यावा म्हणून १९०३ मध्ये काँग्रेसने एक राष्ट्रीय मंडळ नेमलं, १९१६ मध्ये त्याचं स्वतंत्र कार्यालय झालं. पुढे बरीच वर्षं हे काम लष्कराच्या खात्यातून चालायचं आणि एका नागरिकाला जन्मात एकच गॅरंड मिळायची. १९९६ मध्ये काँग्रेसने हा कारभार लष्कराकडून काढून कायद्याने स्थापलेल्या एका ना-नफा संस्थेकडे दिला. रायफली लष्कराकडूनच येतात. विक्रीचा पैसा मुलांच्या नेमबाजी प्रशिक्षणावर आणि स्पर्धांवर जातो.

आता माझं मत. नागरिकत्व असेल तर पहिली रायफल सीएमपीकडूनच घ्या. भाव कमी पडतो हे खरं, पण माझं कारण ते नाही. सीएमपी रायफलची अवस्था सांगते, गोष्ट सांगत नाही. त्यांचे लोक प्रत्येक रायफल तपासतात, हेडस्पेस (बोल्ट बंद असताना काडतुसाला मिळणारी जागा) बघतात, बॅरलच्या (नळीच्या) दोन्ही टोकांची झीज गेजने मोजतात आणि त्यावरून ग्रेड ठरवतात. रॅक ग्रेड सगळ्यात रापलेली, मग फील्ड, मग सर्व्हिस, त्यावर स्पेशल आणि कलेक्टर. सर्व्हिस ग्रेडला तोंडाकडची झीज गेजवर ३ च्या आत आणि चेंबरकडची (काडतूस बसतं त्या टोकाची) ५ च्या आत हवी, असा त्यांचा निकष आहे. सोबत त्या सीरियल नंबरचं प्रमाणपत्र मिळतं. ही रायफल नॉर्मंडीला होती असं सीएमपीचा माणूस कधीही म्हणणार नाही, कारण ते कुणालाच माहीत नसतं. नंबरवरून ती कधी बनली ते कळतं. कोणत्या पलटणीला गेली, कुणाच्या हातात होती, याची नोंद बहुतेक वेळा नसतेच.

पात्रतेच्या अटी: अमेरिकी नागरिक, वय १८ पूर्ण, बंदूक बाळगायला कायद्याची आडकाठी नाही, सीएमपीशी संलग्न क्लबाचं सदस्यत्व, आणि नेमबाजीत भाग घेतल्याचा काहीतरी पुरावा. पुरावा म्हणजे स्पर्धेचा निकाल, हंटर सेफ्टीचा कोर्स, लष्करी सेवा, असं बरंच काही चालतं. साठीच्या पुढच्यांना हा पुरावा माफ आहे. गावात संलग्न क्लब नसेल तर गॅरंड कलेक्टर्स असोसिएशनचं सदस्यत्व घ्या, तेही चालतं. आपल्यापैकी ज्यांनी इथे येऊन नागरिकत्व घेतलं त्यांचं नॅचरलायझेशन सर्टिफिकेट किंवा पासपोर्ट पुरतो. अर्ज नोटरी करून पाठवायचा, ते एफबीआयकडून पार्श्वभूमी तपासून घेतात, आणि बहुतेक राज्यांत रायफल थेट घरी येते. ही थेट घरी पाठवायची मुभा सीएमपीला कायद्यानेच आहे. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत मात्र ती परवानाधारक डीलरकडेच उतरते. अलाबामात अ‍ॅनिस्टनला त्यांचं दुकान आहे, तिथे जाऊन रॅकवरची हातात घेऊन निवडता येते. ज्यांना जमेल त्यांनी जरूर जावं.

खासगी बाजाराबद्दल मी थोडक्यातच लिहितो, कारण इथे माझ्यापेक्षा जास्त जाणणारे आहेत. एकच धोका मोठ्याने सांगतो: जोडलेले रिसीव्हर (बॅरल आणि बोल्ट ज्यात बसतात तो रायफलचा मुख्य धातूचा भाग). लष्कराने भंगारात काढताना मधोमध कापलेल्या गॅरंडचे दोन तुकडे पन्नास-साठच्या दशकात काही जणांनी वेल्डिंग करून जोडले आणि त्यांच्या रायफली करून विकल्या. त्या अजून फिरताहेत. वरून पॉलिश चढलं की डोळ्याला कळत नाही. लाकूड काढून रिसीव्हरच्या मधल्या भागात आतून बघावं लागतं. विकणारा लाकूड काढू देत नसेल तर तिथून निघा.

टेक्सासकर

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. पण माळरान, एका गोष्टीवर असहमत आहे आणि ती सविस्तर मांडतो.

सीएमपीकडे मिळतं काय? मुख्यतः गॅरंड. एम१ कार्बाईन, १९०३ स्प्रिंगफील्ड, एम१९१७ यांचा साठा जवळपास आटला आहे, अधूनमधून लिलावात एखादी दिसते. मला ली-एनफिल्ड (ब्रिटिशांची जुनी .३०३) आवडते. कुणाला रशियन मोसिन हवी असेल, कुणाला स्विस के३१. या रायफलींना अमेरिकेत सरकारी योजना नाहीच. त्या आयातदारांनी आणल्या, दुकानांतून विकल्या गेल्या आणि आता माणसाकडून माणसाकडे जातात. म्हणजे खासगी बाजार टाळून हा छंद पुरा होत नाही, तो शिकूनच घ्यावा लागतो.

टेक्सासमध्ये दोन रहिवाशांनी आपसात व्यवहार केला तर पार्श्वभूमी तपासणीची सक्ती नाही. तरीही मी समोरच्याचं ड्रायव्हिंग लायसन्स बघतो, सीरियल नंबर टाकून साधं विक्रीपत्र करतो, दोघांच्या सह्या घेतो. अनोळखी असेल तर दोघं मिळून डीलरकडे जातो, तो थोडी फी घेऊन रीतसर ट्रान्सफर करून देतो. दुसऱ्या राज्यातल्या माणसाकडून घ्यायची असेल तर मधे डीलर असणं केंद्रीय कायद्यानेच लागतं. गन शोच्या पार्किंगमध्ये रोख पैसे आणि घाई, असा सौदा मी करत नाही आणि कुणी करू नये.

ज्यांना जुन्या रायफलींचाच नाद आहे त्यांनी सी अँड आर (क्युरिओ अँड रेलिक) परवाना घ्यावा, तो जुन्या बंदुकांच्या संग्राहकांसाठीचा केंद्रीय परवाना. तीन वर्षांचे ३० डॉलर, वय २१ पूर्ण. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली रायफल मग दुसऱ्या राज्यातूनही थेट घरी मागवता येते. राज्याचा कायदा आडवा येत नसेल तर, अर्थात.

आणि गॅरंडबाबत. गन शोमध्ये 'सगळे पार्ट मूळचे, १९४३ चे' अशी चिठ्ठी लावलेली दिसली की मी दुप्पट लक्ष देतो. युद्धानंतर लष्कराच्या कारखान्यांतून बहुतेक गॅरंड खोलून, दुरुस्त करून, सुटे भाग एकमेकांत मिसळून पुन्हा बांधल्या गेल्या. न खोललेली गॅरंड फार दुर्मीळ. तिचा भाव तिप्पट लागतो, म्हणून मागाहून जुने पार्ट गोळा करून 'मूळची' बनवणारे लोक आहेत. लाकडावरचे शिक्केसुद्धा नवे मारतात. एम१डी या स्नायपर प्रकारात तर हे फारच सोपं आहे, कारण साध्या गॅरंडला वेगळं बॅरल बसवलं की एम१डी तयार. तिथे कागदाशिवाय डॉलरही जास्त देऊ नये.

माळरान

टेक्सासकर, मग आपण असहमत कुठे आहोत? एम१डीच्या बाबतीत ज्या कागदावर भरवसा ठेवावा असं तुम्ही म्हणता, तो बहुधा सीएमपीचा किंवा त्याआधीच्या सरकारी खात्याचाच असतो. ली-एनफिल्डबद्दल मात्र पूर्ण सहमत.

मुग्धा_प

खूप उपयोगी माहिती. माझा प्रश्न जरा वेगळा आहे. मी ग्रीन कार्डवर आहे, नवरा मागच्या वर्षी नागरिक झाला. मला क्लबात गॅरंड चालवून बघायला मिळाली आणि फार आवडली. सीएमपीतून मला मिळणार नाही हे वाचलं. नवऱ्याने त्याच्या नावावर घ्यायची आणि पैसे मी द्यायचे, असं चालेल का? त्याला स्वतःला यात काहीच रस नाही.

माळरान

मुग्धाताई, असं करू नका. दुसऱ्याच्या पैशांनी दुसऱ्यासाठी घ्यायची आणि अर्जावर 'खरा खरेदीदार मीच' म्हणून सही करायची, हा केंद्रीय गुन्हा आहे. दोघंही कायद्याने बंदूक बाळगायला पात्र असले तरी. अब्राम्स्की खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये नेमकं हेच सांगितलं. पूर्वी पोलिसात असलेल्या एका माणसाने सवलत मिळेल म्हणून काकासाठी पिस्तूल घेतलं होतं. काका पूर्ण पात्र होते, तरी पुतण्याची शिक्षा कायम राहिली. खरीखुरी भेट ही वेगळी गोष्ट आहे: त्याने स्वतःच्या पैशांनी, स्वतःच्या इच्छेने तुम्हाला दिली तर. पण तुम्ही लिहिलंय ते भेटीत बसत नाही.

तुम्हाला सरळ रस्ता मोकळा आहे. ग्रीन कार्डवर डीलरकडून स्वतःच्या नावावर घेता येते, फॉर्मवर तुमचा ए-नंबर (ग्रीन कार्डवरचा एलियन नंबर) लिहायचा. गॅरंड डीलरकडेही मिळते, फक्त पैसे जास्त जातील. नागरिकत्व जवळ आलं असेल तर थांबा आणि मग सीएमपीला स्वतः अर्ज करा.

इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी आणखी एक गोष्ट, आणि ती आपल्या लोकांना खरोखर माहीत नसते. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४, आणि भेटीला आलेल्या आई-बाबांचा बी-२, हे सगळे व्हिसे 'नॉन-इमिग्रंट' गटातले. या व्हिसावरच्या माणसाला बंदूक विकत घेणं तर नाहीच, बाळगणंही केंद्रीय कायद्याने मना आहे. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकारीचा परवाना असणं हा यातला मुख्य अपवाद. रेंजवर भाड्याने घेऊन दोन गोळ्या झाडणं हेसुद्धा 'बाळगणं' ठरू शकतं. तेव्हा बाबा पुण्याहून आले म्हणून उत्साहाने त्यांच्या हातात रायफल देऊन फोटो काढू नका. घरात एक जण नागरिक आणि दुसरा एच-४ वर असेल तर तिजोरीची किल्ली आणि नंबर फक्त नागरिकाकडेच हवा. शंका असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. बंदुकीच्या गुन्ह्यामुळे ग्रीन कार्डवाल्यालाही देशाबाहेर काढता येतं.

जर्सीकर

न्यू जर्सीवाल्यांसाठी भर घालतो. इथे रायफल घ्यायला आधी राज्याचं फायरआर्म्स आयडी कार्ड लागतं, पोलिसांकडे अर्ज करावा लागतो. गॅरंड इथे चालते. पण गॅरंडची धाकटी बहीण म्हणून लोक ज्या एम१ कार्बाईनच्या मागे लागतात, ती न्यू जर्सीच्या कायद्यात नाव घेऊन बंदी घातलेल्यांच्या यादीत आहे. पेनसिल्व्हेनियाच्या गन शोमध्ये ती टेबलावर उघडी पडलेली असते आणि एडिसनचा माणूस भुलतो. घरी आणली तर गंभीर गुन्हा.

पाणवठा

धागा अभ्यासपूर्ण आहे हे मान्य. पण मला कळत नाही की दोन लहान मुलं असलेल्या घरात माणसं मारण्यासाठी बनवलेली वस्तू हौसेने आणायची कशाला. इतिहासाची आवड असेल तर संग्रहालयात जाऊन बघावी. हा माझा प्रामाणिक प्रश्न आहे, वाद घालायचा नाही.

मुग्धा_प

पाणवठा, मी मुलं असलेल्या घरातलीच आहे म्हणून उत्तर देते. मला हा खेळ म्हणून हवा आहे. दोनशे यार्डांवर लोखंडी साइटमधून काळा ठिपका धरायचा, श्वास रोखायचा, हळूहळू ट्रिगर दाबायचा. तेवढा वेळ डोक्यात दुसरं काही नसतं. तुमची काळजी मात्र रास्त आहे आणि मी ती झटकत नाही. रायफल घरी न्यायच्या आधी तिजोरी भिंतीला बोल्टने बसवून हवी, काडतुसं वेगळ्या कुलपात हवीत, आणि मुलांना तिजोरीचा नंबर कळता कामा नये. हे जमणार नसेल तर मी घेणार नाही, क्लबचीच वापरेन.

पाणवठा

धन्यवाद मुग्धा. मी तरी घरी आणणार नाही, पण तुमचं म्हणणं समजलं.

निवृत्त_सुभेदार

सर्वांना जय हिंद. मी साताऱ्याचा, पायदळातून निवृत्त. मुलाने धाग्याची लिंक पाठवली म्हणून लिहितो.

आमच्याकडे रायफल म्हणजे सरकारची अमानत. कोतमधून (शस्त्रागारातून) सही करून घ्यायची, फायरिंग झालं की पुलथ्रू (नळी साफ करायची दोरी) आणि चिंदी मारून, तेल लावून, नंबर मिळवून कोतमध्ये परत जमा. एका राउंडची खोळ (रिकामं कवच) कमी भरली तर सगळी कंपनी रेंजवर वाकून शोधायची. तिथे जवानाला 'ही माझी' म्हणून घरी न्यायची सोय नाही.

आपल्याकडेही लष्करी शस्त्रं विकत मिळण्याची एक वाट होती, हे फार लोकांना ठाऊक नसेल. सैन्यात चालू नमुन्यात न बसणारी शस्त्रं, ज्यांना एनएसपी म्हणतात, ती अधिकाऱ्यांना जबलपूरच्या डेपोतून रीतसर परवान्यावर घेता यायची. पुढे राजस्थानात त्यातली काही पैसे घेऊन भलत्याच लोकांना विकल्याचं प्रकरण निघालं, चौकशी झाली, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. शस्त्र डेपोतून निघताना कागद पक्का होता. पण दुसऱ्या-तिसऱ्या हातात ते कुणाकडे जाणार हे कुणी बघितलं नाही.

माळरानसाहेब, तुमच्या सीएमपीची रायफल घेणाऱ्याने पुढे विकली तर त्यावर कुणाचं लक्ष असतं?

माळरान

साहेब, तुमचा प्रश्न नेमका आहे. जय हिंद.

नसतं. सीएमपीला विक्रीची नोंद असते, पण मालकाने ती पुढे विकली की ती बाकीच्या रायफलींसारखीच. राज्याच्या कायद्याने तपासणी सक्तीची असेल तर होते: कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क इथे खासगी विक्रीही तपासणीतूनच जाते. टेक्सासमध्ये विकणाऱ्याच्या सद्‌बुद्धीवर. म्हणून टेक्सासकर करतात तसं विक्रीपत्र आणि ओळखपत्र हा प्रत्येकाने स्वतःला लावून घेतलेला नियम हवा. विकताना तर जास्तच. घेणारा अपात्र आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला सबळ कारण असून विकली तर विकणारा गुन्हेगार ठरतो.

झुरिकनिवासी

स्वित्झर्लंडमधली पद्धत सांगतो, तुलनेला बरी पडेल. इथे सैन्यसेवा संपली की सैनिकाला स्वतःची सर्व्हिस रायफल ठेवून घेता येते. फुकट आणि आपोआप नाही. शस्त्र-परवाना लागतो, थोडी रक्कम भरावी लागते, आणि मागच्या तीन वर्षांत ३०० मीटरवरच्या ठरलेल्या फायरिंगमध्ये किमान दोन-दोनदा भाग घेतल्याची नोंद दाखवावी लागते. रायफल देण्याआधी तिचं ऑटोमॅटिक फायर काढून टाकतात. सीएमपीचा नेमबाजीच्या पुराव्याचा आग्रह वाचून हेच आठवलं. सरकार म्हणतं, शस्त्र घे, पण ते वापरायची सवय तुला आहे हे आधी दाखव.

खडकीकर

माझी नोकरी खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत गेली. कारखाना १८६९ चा. टेक्सासकरांनी ली-एनफिल्डचं नाव काढलं म्हणून विचारतो: आमच्याकडची .३०३ ची काडतुसं अमेरिकेत मिळतात असं भाचा सांगत होता. बुडावर 'के एफ' असा शिक्का असेल तर तो आमचा.

भारतात .३०३ सामान्य माणसाला मिळत नाही, तो निषिद्ध बोअर (नळीचं माप). म्हणून तर नागरी परवान्यावर .३१५ ची रायफल आली. पोलीस ठाण्यांत मात्र .३०३ परवापरवापर्यंत होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० मध्ये तिला निरोप दिला. २६/११ च्या रात्री सीएसएमटीवरच्या रेल्वे पोलिसांच्या हातात हीच होती.

टेक्सासकर

काका, मिळतात! माझ्याकडे 'के एफ' च्या खोळी जपून ठेवलेल्या आहेत. तुमच्या हाताखालून गेलेलं काडतूस इथे ह्यूस्टनजवळच्या रेंजवर फुटतं, हे मी पुढच्या वेळी मित्रांना अभिमानाने सांगणार.

आणि इशापूरच्या (बंगालमधल्या सरकारी कारखान्याच्या) रायफलींबद्दल आता लिहायलाच हवं, कारण आपली माणसं 'आर एफ आय' (रायफल फॅक्टरी इशापूर) चा शिक्का बघून भावनेच्या भरात घेतात. मला ती भावना पूर्ण समजते. मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान इटलीत लढले ते ली-एनफिल्ड घेऊन. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना तिथेच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तिच्याच घराण्यातली, आपल्या देशात घडलेली रायफल टेक्सासच्या टेबलावर दिसली की हात थरथरतो. पण तिथेच थांबून चार गोष्टी बघा.

रिसीव्हरवर किंवा लाकडावर 'डी पी' असा शिक्का असेल तर ती कवायतीची रायफल. लष्कराने ती फायरिंगला नालायक ठरवलेली आहे, कधी चेंबरला भोकही पाडलेलं असतं. भिंतीवर लावा, गोळी भरू नका. काही इशापुरी रायफलींच्या पुढच्या लाकडावर तार गुंडाळलेली असते, ती बहुधा ग्रेनेड फेकण्यासाठी वापरलेली. तिने जास्त ताण सोसलेला आहे. काही .४१० च्या गुळगुळीत नळीत बदललेल्या, पोलिसांसाठी. त्यात .३०३ चालत नाही.

साठच्या दशकातली २ए आणि २ए१ ही वेगळीच. ती .३०३ कापून बनवलेली नाही, पहिल्यापासून ७.६२ साठीच जास्त चांगल्या पोलादात घडवलेली, बारा राउंडचं मॅगझिन. उत्तम रायफल आहे. पण बाजारात तिचीच आखूड केलेली 'जंगल कार्बाईन' दिसते. ती लष्कराने केलेली नाही, इथल्या आयातदाराने नळी कापून विकलेली आहे. विकणारा तिला बर्माच्या लढाईत नेऊन ठेवतो. २ए१ जन्मली तेव्हा बर्माची लढाई संपून वीस वर्षं झाली होती.

मुग्धा_प

मग डीलरकडून किंवा खासगीत गॅरंड घेताना मी स्वतः नेमकं काय बघू? सोबत जाणकार नसेल तर?

माळरान

जाणकार शोधाच. क्लबात विचारलंत तर कुणीतरी आनंदाने येईल. तरीही:

आधी मालकाला विचारून बोल्ट मागे ओढा आणि चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने बघा. बोट काढताना सांभाळा, बोल्ट सुटला तर अंगठा चेचतो. मग तोंडाकडे. एम२ बॉलचं, म्हणजे १५० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) गोळीचं जुनं लष्करी काडतूस (खरं नको, नुसती गोळी बसवलेलं डमी न्या) उलटं धरून गोळी नळीच्या तोंडात अलगद टेकवा. गोळीचा बराच भाग बाहेर राहिला तर नळी चांगली. खोळीच्या कडेपर्यंत आत गेली तर झिजलेली. ही ढोबळ परीक्षा आहे, खरं मोजमाप गेजचंच. ऑपरेटिंग रॉड मागे ओढून धरला की बॅरलवरचा शिक्का दिसतो: बनवणाऱ्याचं नाव, महिना, वर्ष. बॅरल रिसीव्हरपेक्षा नवं असेल तर घाबरू नका. बदललेलं बॅरल चालवायला उलट चांगलं. डॅनिश सैन्याने आपल्या गॅरंडना नवी बॅरलं बसवली होती आणि ती नेमबाजांना आवडतात. बॅरलवर आयातदाराचा बारीक शिक्का असेल तर संग्राहक भाव पाडतात. तुम्हाला चालवायची आहे, तेव्हा तो तुमचा फायदा. लाकूड काढायला लावा, जोडाचं मी वर लिहिलंय.

गॅरंड सोडून १९०३ स्प्रिंगफील्ड समोर आली तर नंबर बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. स्प्रिंगफील्डच्या ८,००,००० च्या खालचे आणि रॉक आयलंडच्या २,८५,५०७ च्या खालचे रिसीव्हर जुन्या उष्णता-प्रक्रियेमुळे ठिसूळ निघाले होते. ते चालवू नयेत असं सीएमपी स्वतः सांगते. खासगी विक्रेता हे सांगेलच असं नाही.

आणि दुकानातलं शिकारीचं जड .३०-०६ गॅरंडमध्ये घालू नका. १७२-१७४ ग्रेनपेक्षा जड गोळी किंवा जास्त दाबाचा राउंड तिचा ऑपरेटिंग रॉड वाकवतो. एम२ बॉलच्या तोडीचा दारूगोळा मागा. काही कंपन्या खोक्यावर 'गॅरंडसाठी' असं छापूनच विकतात.

मुग्धा_प

गेजचं मोजमाप डीलर करून देईल का?

टेक्सासकर

बहुतेक गनस्मिथ थोड्या पैशांत करून देतात. पैसे देण्याआधी 'हेडस्पेस आणि झीज गनस्मिथकडून तपासून मग घेते' असं स्पष्ट म्हणा. भला विक्रेता नाही म्हणत नाही. नाही म्हणाला तर तुमचे पैसे वाचले असं समजा.

काका, तुमच्यासाठी एक प्रश्न राहिला. जुन्या 'के एफ' ने माझ्या नळीत दुसऱ्या दिवशी गंज धरला. साफ तर त्याच रात्री केली होती, नेहमीच्या सॉल्व्हंटने.

खडकीकर

सॉल्व्हंटने त्यातलं मीठ जात नाही. जुन्या टोपीतल्या (काडतुसाच्या बुडाच्या प्रायमरमधल्या) मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की नळीत क्षार बसतो आणि हवेतला ओलावा खेचतो. तेल वरून बसतं, मीठ खालीच राहतं. फायरिंग झालं की रेंजवरच, नळी गार व्हायच्या आत, चेंबरकडून नरसाळ्याने कडकडीत पाणी ओता, चांगलं दोन-तीन लिटर. बोल्टचं तोंडही धुवा. पाण्याच्या उष्णतेने नळी आपोआप सुकते. मग कोरडी चिंदी, मग तेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक चिंदी मारून बघा, तपकिरी निघाली तर पुन्हा पाणी.